दहा-पंधरा वर्षांची सवड

आशाताईंकडे एक छापील तक्ता असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, असे विचारत विचारत त्या बायकांच्या भागापाशी येतात. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले का? नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाते का? अंगावरून वास येणारे पाणी जाते का? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे प्रश्न बहुधा ओट्यावरच विचारले जातात. सासू जवळ असते, पोरे अंगणात असतात, दीर येत-जात असतो. बाई नाही म्हणते आणि आशाताई ‘नाही’वर खूण करून पुढच्या घराकडे वळतात.

त्या ‘नाही’त संकोच किती आणि खरेपण किती, हे ओळखणे अवघड आहे. पण ते उत्तर अगदी खरे असले, तरी त्या बाईची तपासणीची गरज संपत नाही. रक्त जाणे, घाण पाणी जाणे, ओटीपोटात सतत दुखणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात त्याची, बरीच पुढची लक्षणे आहेत. त्याआधी दहा-पंधरा वर्षे हा रोग मुक्याने वाढत असतो. बाई नांगरणी-लावणी करते, भारे वाहते, मुले वाढवते आणि तिला काही म्हणजे काही जाणवत नाही. तिला वाचवायचे असेल तर याच वर्षांत गाठायला हवे. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी फार थोडे इतकी सवड देतात. ती सवड हातात असूनही २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने गेल्या.

या रोगामागे एक विषाणू आहे, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याला १८४२ साली दिसले होते की गर्भाशयाच्या कर्करोगाने मठातल्या जोगिणी क्वचितच मरतात, लग्न झालेल्या बायका मात्र पुष्कळ मरतात. संसर्गाचा धागा तेव्हाच हाती आला होता, पण तो पकडून मुळापर्यंत जायला पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउजेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये कर्करोगाच्या पेशींतून या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे काढले. २००८चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काहींनी नुसते चामखीळ येतात. डझनभर प्रकार मात्र कर्करोगाकडे नेणारे. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ या दोघांमुळे होतात आणि भारतात त्यांचा वाटा त्याहूनही मोठा आहे.

हा विषाणू शरीरात शिरतो कसा, हे समजले की पुढचे सगळे उलगडते. गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. बाहेरच्या बाजूला त्वचेसारखे अनेक थर, आत एकेरी नाजूक थर. वयात येताना, बाळंतपणात आणि पुढे पाळी जाताना ही सीमा सरकत राहते आणि तिथल्या पेशी सतत नव्याने घडत असतात. शरीरसंबंधाच्या वेळी तिथे बारीक ओरखडे पडतात आणि त्यातून विषाणू सर्वांत खालच्या थरापर्यंत पोचतो. तो रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे शरीराच्या रक्षक पेशींना त्याचा पत्ता उशिरा लागतो. तरीही दहापैकी नऊ स्त्रियांचे शरीर दोन वर्षांच्या आत त्याला हुसकावून लावते, औषधावाचून, तिच्या नकळत. उरलेल्या एखादीत तो ठाण मांडतो. मग त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने काम सुरू करतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पी-५३ आणि तिच्या वाढीला लगाम घालणारे आरबी, अशी आपल्या पेशीतली दोन राखण करणारी प्रथिने असतात. ई-६ पहिल्याला नष्ट करवते, ई-७ दुसऱ्याला निकामी करते. राखण गेली की पेशी भलतीसलती वाढू लागते. आधी सौम्य बदल, मग तीव्र, आणि वर्षानुवर्षांनी एखादी पेशी खालचा पडदा भेदून आत घुसते. तिथून पुढे कर्करोग. एचआयव्ही असलेल्या स्त्रीत हा प्रवास वेगाने होतो, तिला धोका सहापट असतो. तंबाखूने आणि पुष्कळ बाळंतपणांनीही धोका वाढतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी संसार मोडू शकतात. एचपीव्ही सापडणे म्हणजे बाईचे किंवा नवऱ्याचे पाऊल वाकडे पडले असे मुळीच नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा संसर्ग होतोच. तो वर्षानुवर्षे दबून राहून पुन्हा डोके वर काढू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. पाड्यावर अहवाल घेऊन जाणाऱ्या सिस्टरला हे आधी समजलेले हवे आणि अहवाल हातात देण्याच्या आधी तिने ते बोललेले हवे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. डहाणू आणि तलासरी हे त्याचे उत्तरेकडचे, गुजरातला खेटून असलेले तालुके. वस्ती मुख्यतः वारली, शिवाय कोकणा, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी. पश्चिमेला रेल्वे आणि घोलवडच्या चिकूच्या बागा, मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वेला कासा, सायवन, उधवा या बाजूचा डोंगराळ भाग, जिथे गाव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे. दुखणे अंगावर काढून काढून असह्य झाले की माणसे वापी, वलसाड, सिल्वासाकडे जातात, कारण ते जवळ पडते. मुंबई डहाणू रोडहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय दिवाळी झाली की वीटभट्ट्यांकडे, बांधकामांवर, बागांत कामासाठी घरेच्या घरे हलतात ती पावसाच्या तोंडावर परततात. पुरुष मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. ज्या बाईला पाच वर्षांतून एकदा तपासायचे, ती वर्षातले निम्मे महिने तिच्या उपकेंद्राच्या यादीत असते आणि गावात नसते.

लवकर लग्न, लवकर बाळंतपण, एकापाठोपाठ मुले, तंबाखूची सवय आणि तपासणीचा अभाव ही धोका वाढवणारी कारणे इथे एकत्र भेटतात. ही सगळी गरिबीची आणि अंतराची कारणे आहेत. आदिवासी असणे हे त्यात कुठेच कारण नाही, आणि आरोग्यखात्याच्या बोलण्यात ‘या लोकांना कळत नाही’ असा सूर लागतो तेव्हा हे सांगावे लागते.

कळत नाही म्हणणाऱ्यांनी १९८९ साल आठवावे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. लक्षणे असोत वा नसोत, सगळ्यांची. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी ज्यांची कधी अंतर्गत तपासणी झाली होती अशा होत्या फक्त ८ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला तेव्हा जगाला धक्का बसला. सरकारी आरोग्यसेवेला तोवर खेड्यातली बाई दिसत होती ती गरोदर असताना आणि नसबंदीच्या वेळी. मधली सगळी वर्षे कुणाच्या वहीत नव्हती. त्यानंतर तीस वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. हा आकडा डहाणूचा नाही, देशाचा आहे. सायवनच्या वरच्या पाड्यांवर तो काय असेल, याचा विचार करून पाहावा.

हे बदलता येते का, याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे, तेही दुष्काळी भागात. बार्शीला डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन कुणाला कर्करोग झाला, कुणाचा मृत्यू कशाने झाला, हे कार्यकर्ते लिहून आणू लागले. घरी जायचे तर नुसते विचारून कसे परतायचे, म्हणून ते बोलूही लागले. कोणत्या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये, कुठे जावे, कोण भेटेल. काही वर्षांनी नोंदी पाहिल्या तेव्हा दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येत आहेत आणि जास्त जगत आहेत. कुठलेही नवे यंत्र आलेले नव्हते. ओळखीच्या माणसाने घरी येऊन, पुन्हा पुन्हा येऊन, सांगितले होते.

याच बार्शीच्या लोकांनी, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीने, १९९९च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक फार मोठा प्रयोग सुरू केला. डॉ. शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्या भागात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तिसऱ्या भागात व्हीआयए म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले, आणि चौथ्या भागात नेहमीची आरोग्यसेवा होती तशी चालू राहिली. तपासणी आयुष्यात एकदाच. ज्यांच्यात काही सापडले त्यांना पुढची तपासणी आणि उपचार. मग आठ वर्षे पाठपुरावा.

२००९च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात स्त्रिया कमी होत्या, ३१,४८८, आणि मृत्यू ६४. पुढच्या टप्प्यावर पोचलेले कर्करोग एका बाजूला ३९, दुसरीकडे ८२. ज्या तालुक्यांत धड रस्ते नव्हते तिथे, एकाच तपासणीने, मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. दुसरी एक गोष्ट बातम्यांत मागे पडली, पण मला ती तितकीच मोलाची वाटते. ज्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत कर्करोगाचे प्रमाण लाखात वर्षाला चारपेक्षाही कमी राहिले. पेशी पाहून किंवा व्हीआयए करून ज्यांना ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवले, त्यांच्यात ते चौपट होते. म्हणजे एचपीव्हीचे ‘नाही’ विश्वासार्ह असते. वर्षातून सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या बाईसाठी याहून उपयोगाची चाचणी कोणती असणार?

त्या चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला ठाऊक असताना तीस हजारांवर स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, हा प्रश्न परदेशातल्या काही डॉक्टरांनी विचारला. संशोधकांचे म्हणणे होते की देशात अशी तपासणी कुठेच होत नव्हती, त्यांना मिळणारे काही काढून घेतले नाही. मला दोन्ही बाजू समजतात, आणि तरीही ते ६४ मृत्यू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. ते आकडे मिळाल्यानंतर त्या ज्ञानाचा वापर करणे हे या राज्यावर त्या बायकांचे ऋण आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून झोपडपट्ट्यांत व्हीआयएचा असाच अभ्यास केला. दीड लाख स्त्रिया, दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्या, आणि दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठळक फरक पडला नव्हता, मुंबईत चारदा केल्याने पडला. सरकारने २०१६ मध्ये देशभरासाठी जो आराखडा केला त्यात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी आहे. ती स्वस्त आहे, मिनिटभरात पांढरा डाग दिसतो किंवा दिसत नाही, आणि प्रशिक्षित सिस्टर उपकेंद्रात ती करू शकते. तिची अडचण अशी की सगळे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सरावावर अवलंबून असते, आणि पन्नाशीनंतर ती पेशींची सीमा आत सरकलेली असल्याने दिसतच नाही. शिवाय टेबलावर झोपायचे, पाय फाकवायचे, आत उपकरण घालू द्यायचे. अनोळखी माणसांच्या शिबिरात हे करून घ्यायला कुठल्याही बाईला जड जाईल.

एचपीव्ही चाचणीसाठी हे लागत नाही. बाई स्वतः आडोशाला जाऊन मऊ काडी आत फिरवून नमुना देऊ शकते, आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तितकाच चांगला ठरतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. अडत होते ते किमतीवर आणि यंत्रावर. आता गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीची ट्रूनॅट आणि पुण्याच्या मायलॅबची पॅथोडिटेक्ट अशा दोन देशी चाचण्या तयार आहेत. क्षयरोगासाठी आणि कोविडच्या काळात ट्रूनॅटची छोटी यंत्रे तालुक्या-तालुक्यांत पोचलेली होती, त्याच यंत्रावर ही चाचणी चालते. या चाचण्या पारखून घेण्याच्या कामात दिल्ली आणि नोएडाच्या संस्थांबरोबर परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थाही होती. याच संस्थेच्या मार्गदर्शनाखाली डहाणूत केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. म्हणजे चाचणी पारखणारे हात आणि तिची सर्वांत जास्त गरज असलेल्या बायका यांच्यात एकाच संस्थेचा दुवा आहे. उधव्याच्या उपकेंद्रात ती काडी मिळावी, यासाठी आणखी कुठल्या शोधाची वाट पाहायला नको.

मात्र माहिती अर्धवट पोचली तर ती घातही करते, हे बीडने दाखवले. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया उजेडात आल्या. सरकारी समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, कितीतरी जणींची ऐन तिशी-पस्तिशीत. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याच्या तक्रारी होत्या. अंगावरून जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. एचपीव्ही सापडला तरी पिशवी काढायची नसते. गर्भाशयमुखावर बदल झाले असतील तर तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढतात, मूल होण्याची शक्यता शाबूत राहते. डहाणू-तलासरीत जनजागृती करायची असेल, तर पहिल्या दिवसापासून हे वाक्य तिच्यात हवे. नाहीतर आपण भीती पेरू आणि सीमेपलीकडची खासगी रुग्णालये पीक घेतील.

या विषाणूवरच्या लसीची कहाणी वेगळ्या जखमेतून जाते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, भद्राचलमच्या बाजूला, आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात, एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंची कारणे निराळी निघाली, बुडणे, सर्पदंश, विष, ताप. लसीशी त्यांचा संबंध दिसला नाही. पण चौकशीत दुसरे काही सापडले ते गंभीर होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर अहवाल दिला.

त्या थांबवण्याचा एक परिणाम कुणाच्याच मनात नव्हता. त्याच सुमारास देशात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी आणि पुणेही, लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा मोठा अभ्यास चालू होता. सरकारच्या आदेशाने तोही अर्ध्यावर थांबला, आणि जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, त्यामागे या भारतीय मुलींचा मोठा आधार आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लसीलाही परवानगी मिळाली. लसीत जिवंत किंवा मृत विषाणू नसतो, त्याच्या प्रथिनाचे रिकामे कवच असते, म्हणून तिच्यामुळे संसर्ग होऊ शकत नाही. संसर्ग आधीच झाला असेल तर ती तो बरा करत नाही, म्हणूनच ती नऊ ते चौदा वयात द्यायची. स्कॉटलंडमध्ये २००८पासून बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत २०२४च्या अहवालापर्यंत या कर्करोगाचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता.

डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या आश्रमशाळांत या वयाच्या मुली मोठ्या संख्येने राहतात. एका ठिकाणी इतक्या मुली मिळतात म्हणून लसीकरण सोपे, असे कुणालाही वाटेल. भद्राचलममध्येही तसेच वाटले होते. सोपेपणाच्या मोहात मुख्याध्यापकाची सही चालवून घेतली आणि नंतर एखादी मुलगी कशानेही दगावली, तर लसीचे नाव या डोंगरात पिढीभर बदनाम होईल. आईबापांना भेटायला पाड्यावर गेले पाहिजे, वारली बोलीत समजावले पाहिजे, आणि नको म्हणणाऱ्याचे नको ऐकून घेतले पाहिजे.

या भागात माणसे एकत्र बसून ऐकतात आणि ठरवतात, याला मोठा वारसा आहे. तलासरीतल्या झरी गावी १९४५च्या मे महिन्यात हजारो वारली जमले होते आणि वेठबिगारी करणार नाही असे ठरवून उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी आणि त्याच्यासोबत भरडली जाणारी त्याची बायको, ही प्रथा त्या लढ्याने मोडली. आजही पाड्यावरची बैठक, ग्रामसभा, बचतगट इथे जिवंत आहेत. लग्न लावणारी धवलेरी आहे, सुईण आहे. बायकांच्या अंगाच्या गोष्टी ज्यांच्यापाशी बोलल्या जातात अशा या म्हाताऱ्यांना आधी बोलवावे, त्यांचीच तपासणी आधी करावी, शंका त्यांच्याच आधी ऐकाव्यात. शिबिराचा मंडप आणि पाहुण्यांची भाषणे यापेक्षा याने जास्त बायका येतील, असा माझा विश्वास आहे.

आणि मग सगळ्यांत नाजूक टप्पा, तपासणी झाल्यानंतरचा. शंभर बायकांची एचपीव्ही चाचणी केली तर उस्मानाबादच्या अनुभवाने त्यातल्या दहाएक जणींत विषाणू सापडतो. या दहाजणींना पुढे जायचे असते आणि आपल्या योजना नेमक्या इथे सुटतात. अहवाल महिन्याने येतो, तोवर ती भट्टीवर गेलेली असते. डहाणूच्या रुग्णालयात बोलावले तर दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला कुणी लागते, तिथे डॉक्टर रजेवर. किती शिबिरे झाली आणि किती बायका तपासल्या हे आकडे वर पाठवले जातात. विषाणू सापडलेल्या दहापैकी कितीजणींचे उपचार पूर्ण झाले, हा आकडा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहायला हवा. बाकीच्यांना त्याशिवाय अर्थ नाही. कर्करोगपूर्व बदल उष्णतेने जाळण्याचे बॅटरीवर चालणारे हातातले उपकरण आता मिळते. काम मिनिटभराचे, भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. तेच राहून गेले तर पाच-सहा आठवड्यांचे किरणोपचार आणि केमोथेरपी, मुंबईत राहण्याची सोय, घरी लहान मुले, आणि तरीही खात्री नाही.

उपचारानंतर महिनाभर अंगावरून पाणी जाते, ते अपेक्षित आहे. त्या महिन्यात संबंध टाळायचे असतात, आणि हे एकट्या बाईला सांगून भागत नाही. तिची परवानगी घेऊन नवऱ्याला बोलवावे, रोग काय आणि तो कुणाचा दोष नाही हे त्याला समजावावे, आणि महिनाभर थांबायला सांगावे. वर्षाने पुन्हा चाचणी करायची असते. ती तारीख उपचाराच्या दिवशीच तिच्या कार्डावर लिहावी, आणि ती लिहिताना कॅलेंडर पाहून भाताची लावणी उरकल्यानंतरची, पण दिवाळीच्या आधीची द्यावी.